दादाचा घोडा, माझा हिशेब

रविवारची सकाळ होती. टेबलावर छप्पन दुकानावरून आणलेले पोहे आणि जिलबी, आणि समोर माझा चुलत भाऊ. आम्ही पलासियाला राहतो, दादा सांवेरजवळच्या गावी शेती बघतो. जमीन आजोबांची. बाबा गेल्यावर त्यांचा हिस्सा माझ्या नावावर आला, पण कसतो दादाच. सोयाबीन नि गहू, नाहीतर सोयाबीन नि हरभरा. वर्षातून दोनदा तो हिशेबाची वही घेऊन येतो, पोहे खातो, वहिनीने दिलेलं लोणचं ठेवतो आणि जातो. तीन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी मात्र त्याने वहीऐवजी मोबाईल पुढे केला.

"हे बघ. एक टनाचा घोडा!"

व्हिडिओ इंग्लंडमधला होता. शायर जातीचे दोन घोडे नांगर ओढत होते. गुडघ्याखाली पांढऱ्या केसांच्या झालरी, मान खांबासारखी, आणि मागून चालणारा माणूस त्यांच्यापुढे शाळकरी मुलासारखा दिसत होता.

"असले घोडे इथे कोणाकडे आहेत? कोणाकडेच नाहीत. आपण पैदास करू. चार बिघे सोयाबीन बंद, तबेला बांधू, थोडं कर्ज काढू. तुझी सही लागेल."

मी बीई कॉम्प्युटर. दिवसभर लोकांच्या कल्पनांचे तुकडे पाडून त्यात कुठे चूक आहे ते शोधणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. सही करायला ना नव्हती, पण आधी हिशेब मांडू असं मी म्हटलं. दादा हसला. "मांड बाई. तुझं ते एक्सेल काढ."

पहिली ओळ अर्थातच खाण्याची. घोड्याला दिवसाकाठी त्याच्या वजनाच्या साधारण दोन ते अडीच टक्के कोरडा चारा-दाणा लागतो. आपल्याकडची मारवाडी किंवा काठियावाडी घोडी साडेतीनशे-चारशे किलोंची. म्हणजे सात ते दहा किलोंत तिचं भागतं. शायरला वीस-पंचवीस किलो. एका घोड्याच्या चाऱ्यात आपल्या दोन-तीन घोड्या निघतात, आणि बदल्यात तो काय ओढणार? ट्रॉली ओढायला दादाकडे ट्रॅक्टर उभाच आहे.

इथे थोडं विषयांतर. ट्रॅक्टर पस्तीस हॉर्सपॉवरचा म्हणतो, तो हॉर्स कोणता? जेम्स वॅटला आपलं वाफेचं इंजिन विकायचं होतं. गिऱ्हाइकाला पटेल असं माप हवं, म्हणून गिरणी फिरवणाऱ्या घोड्याच्या कामावरून त्याने आकडा ठरवला. तो आज ७४६ वॅट म्हणून आपण शाळेत पाठ करतो. आपली बैलजोडी मिळून दिवसभराच्या कामात साधारण एका हॉर्सपॉवरच्या आसपास जाते. म्हणजे दादाच्या दारात उभ्या असलेल्या त्या लाल ट्रॅक्टरमध्ये कागदावर पस्तीस जोड्या बसतात. तो उभा असताना खात नाही, हे त्याचं खरं मोठेपण.

दुसरी अडचण हवेची. अंग जितकं मोठं तितकं वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ कमी, म्हणजे आत तयार झालेली उष्णता बाहेर टाकायला जागा कमी. थंड प्रदेशात हा फायदा, माळव्याच्या मे महिन्यात शिक्षा. शिवाय पायांच्या त्या देखण्या झालरी आपल्या काळ्या मातीच्या पावसाळी चिखलात दोन महिने ओल्या राहिल्या तर खाली कातडी किडायला लागणार. आणायचे म्हटले तर परवाना, तपासण्या, विलगीकरण, विमान. दादाने एवढं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तिकडे तरी का पाळतात?"

हा प्रश्न मला आवडला. त्याच्या उत्तरासाठी मी बरेच दिवस रात्री वाचत बसले. तिकडेही शेतकामासाठी फारसे कोणी पाळत नाही. ट्रॅक्टर आल्यावर युरोपातल्या भारी घोड्यांच्या जाती झपाट्याने ओसरल्या, आणि ज्या उरल्या त्या कोणीतरी त्यांना दुसरं काम दिलं म्हणून. इंग्लंडमध्ये बिअरच्या कारखान्यांनी पिंपांच्या गाड्या ओढायला शायर ठेवले, आणि गरज संपल्यावर जाहिरातीसाठी ठेवले. फ्रान्समध्ये ब्रेटन आणि कोम्त्वासारख्या जाती टिकल्या त्या मांसाच्या बाजारामुळे. ऐकायला कसंतरी वाटतं, पण आहे ते असं आहे. अमेरिकेत आमिश पंथाचे लोक धर्मश्रद्धेमुळे शेतात ट्रॅक्टर चालवत नाहीत, म्हणून तिथे बेल्जियन आणि पर्शेरॉन घोड्यांना आजही खरा बाजार आहे. सफोक पंच नावाच्या जुन्या इंग्रजी जातीला असा कोणी वाली मिळाला नाही, ती आज दुर्मीळ म्हणून जपावी लागते. भारतातही भारी घोडे आले ते सैन्यामुळे. फ्रान्समधले ब्रेटन घोडे आणले गेले, ते डोंगरात ओझी वाहणाऱ्या दणकट खेचरांच्या पैदाशीसाठी. तिथेही आधी काम होतं, मग घोडा आला.

दादाने शायरचा नाद सोडला, घोड्याचा नाही. "मग आपल्याकडचा घोडा. चल सारंगखेड्याला."

पलासिया चौकातून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता धरला की महू मागे टाकून नर्मदा ओलांडायची, सेंधवा, बिजासनचा घाट, आणि खाली उतरलं की महाराष्ट्र. शिरपूरहून पश्चिमेला वळलं की तापीच्या काठी नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा. एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, आणि दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो. घोडा म्हणजे काय ते मी तिथे पहिल्यांदा पाहिलं असं म्हटलं तरी चालेल. वरातीतला घोडा हा काही घोडा नव्हे, तो दिवे लावलेलं फर्निचर असतो.

मी वही काढून विचारत सुटले. दर कशावर ठरतो? उंची, चाल, रंग, हे मला कळलं. नुकरा म्हणजे पांढरा, अबलख म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, पंचकल्याणी म्हणजे चारी पाय आणि कपाळ पांढरं. पण मग भोवरे! अंगावर केसांचा भोवरा कुठे आहे त्यावरून जनावर शुभ की अशुभ ठरतं. गळ्यापाशी असेल तर देवमन, दर वर. नको त्या जागी असेल तर उत्तम घोडीकडे गिऱ्हाईक वळूनही पाहत नाही. माझ्या एक्सेलमध्ये भोवऱ्याचा रकाना नव्हता. एका पागोटेवाल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने मला विचारलं, "पोरी, लिहून काय घेतेस? घोडी घ्यायची का घोडीचं पुस्तक काढायचं?"

तरी त्याच म्हाताऱ्याने चहा पाजून पैदाशीचं गणित समजावलं. घोडीचं गाभणपण अकरा महिन्यांचं, एका वेळी एकच शिंगरू, तेही दरवर्षी होईलच असं नाही. शिंगरू दोन-तीन वर्षं सांभाळल्याशिवाय त्याला खरा भाव नाही. तोवर चंदी, नालबंद, मोतद्दार, डॉक्टर चालूच. पोटशूळ उठला तर रात्रभर फिरवत बसायचं. आणि ग्लँडर्सचा रोग निघाला तर जनावर मारूनच टाकावं लागतं, तो माणसालाही होतो. "हा धंदा शेतीच्या जिवावर चालतो," तो म्हणाला, "शेती याच्या जिवावर नाही चालत." देशातल्या घोड्यांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास होती, ती २०१९ मध्ये सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. हे मला आधी माहीत होतं. त्यामागचं कारण त्या चहाच्या टपरीवर कळलं.

दादाने घोडी घेतलीच. तांबूस रंगाची, शांत, गळ्यापाशी भोवरा. कर्जाच्या कागदावर मी सही केली, पण चार बिघ्यांऐवजी एका बिघ्यावर आणि तबेल्याऐवजी जुन्या गोठ्याच्या डागडुजीवर.

पुढच्या उन्हाळ्यात घोडी फळवली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी शिंगरू झालं. मादी, आईच्याच रंगाची. फोनवर दादा रडत होता आनंदाने. पाचव्या दिवशी तिचे गुडघे सुजले, सातव्या दिवशी ती उठली नाही, नवव्या दिवशी गेली. नाळेतून जंतू शिरले होते. जन्मल्याबरोबर नाळ आयोडीनमध्ये बुडवायची असते, ही दोन मिनिटांची आणि काही रुपयांची गोष्ट. आमच्यापैकी कोणालाच ती माहीत नव्हती. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, एक तासाच्या वाटेवर. जाऊन विचारलं असतं तरी कळलं असतं. मी घोड्यांच्या जातींवर दोन महिने वाचत होते, शिंगराच्या नाळेवर एक पानही वाचलं नाही. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. वहिनी म्हणाली, "तिची आई तीन दिवस दाराकडे तोंड करून उभी होती."

त्या पावसाळ्यात मी गावी जास्त राहिले, लॅपटॉप घेऊन. काकांकडे, म्हणजे दादाच्या बाबांकडे, बसायला वेळ मिळाला. एकदा मी सहज विचारलं की आपल्याकडे भारी घोडे का नव्हते. काका म्हणाले, "गरज काय होती? माळवी होते ना."

माळवी बैल. पांढरा-करडा, मान नि वशिंड काळसर, अंगाने भरलेला, काळ्या चिकट मातीत गाडा ओढायला घडवलेला. आमच्या दारात दोन जोड्या होत्या. काकांनी त्यांची नावं अशी घेतली जणू शेजाऱ्यांबद्दल बोलत आहेत. आगरला सरकारी फार्मवर या जातीची पैदास होते, पण गावात आता एकही शुद्ध जोडी नाही. मी म्हटलं, ट्रॅक्टरने घालवले. काका म्हणाले, "ट्रॅक्टर नंतर. आधी सोयाबीन."

हे मला कुठे वाचायला मिळालं नसतं. पूर्वी आमच्या शेतात खरिपाला ज्वारी असे, आणि बरीचशी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून हिवाळी गव्हासाठी ओल धरून ठेवत. ज्वारीचं दाणं माणसांना, कडबा बैलांना. सोयाबीन आलं, रोख पैसा आला, पडीक जमीनही पिकाखाली आली. कोणी नाव ठेवावं असं त्यात काही नाही, माझी बीईची फी त्याच पैशातून गेली. पण सोयाबीनचं भुसकट जनावर कडब्यासारखं खात नाही. कडबा घरचा होता तोवर बैल फुकट जेवत होता. कडबा विकत आणायची वेळ आली आणि बैलाचा हिशेब बसेना. सोयाबीन काढून लगेच गव्हाची पेरणी साधायची घाईही वाढली, त्या घाईला ट्रॅक्टरच हवा. माळवी गायीला दूध बेताचं, ती पाळायची बैलासाठी. बैल नको, तर गाय कशाला?

महाराष्ट्रात खिल्लारचं उलट झालं. बैलगाडा शर्यतींना २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायद्याचं संरक्षण मिळालं आणि शर्यतीच्या खोंडांना पुन्हा मागणी आली. शर्यत चांगली की वाईट, यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. पण खिल्लारला काम मिळालं, माळवीला मिळालं नाही.

पलासियाला परतल्यावर मी कृषी महाविद्यालयाच्या बाजूने फिरायला जाऊ लागले. घरापासून जवळच. १९२४ मध्ये तिथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, होळकर संस्थानाने जमीन दिली, आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर गेली ती इथून. १९३१ मध्ये हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासोबत त्यावर पुस्तक लिहिलं. त्या पद्धतीत गोठ्यातली मूत मुरलेली माती, शेण आणि शेतातला काडीकचरा थरांनी खड्ड्यात रचून वरखाली करतात, आणि तीनेक महिन्यांत खत तयार होतं. गांधीजी १९३५ मध्ये ते बघायला येऊन गेले. आपल्या मंडळातल्या किती जणांना वाड हे नाव माहीत आहे? मलाही नव्हतं, रोज तिथून स्कूटी न्यायचे तरी.

तेव्हा लक्षात आलं की माझ्या एक्सेलमध्ये घोडीच्या नावावर लीद आणि गोठ्याची माती जमेला धरलेलीच नव्हती. ती ओळ घातली. घोडी नफ्यात आली नाही, पण तोटा अर्ध्याच्या खाली उतरला. दादाला पाठवलं, त्याने अंगठा पाठवला.

यंदा त्याने मला न विचारता दीड बिघ्यात सोयाबीनऐवजी ज्वारी घातली. आगरच्या बाजूने एक माळवी गाय आणली आहे, काकांच्या हट्टाखातर. ती घोडीच्या शेजारीच बांधलेली असते, आणि दोघींचं पटत नाही. घोडी पुन्हा गाभण आहे, फाल्गुनात दिवस भरतील. आयोडीनची बाटली गोठ्याच्या खुंटीला आत्तापासून टांगून ठेवली आहे आणि महूच्या डॉक्टरांचा नंबर वहिनीने दारावर खडूने लिहिला आहे. मी त्या आठवड्याची सुट्टी टाकून ठेवली आहे. मॅनेजरने कारण विचारलं, तेव्हा "घरी बाळंतपण आहे" असं सांगितलं.