श्वासाचे औषध श्वासातूनच

हंगामात नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या लाल होतात, तेव्हा धानोऱ्यासारख्या गावांतून आलेला शेतकरी, हमाल आणि गादीवरचा व्यापारी सारेच ठसकतात. बहुतेकांचा ठसका घरी पोहोचेपर्यंत थांबतो. ज्यांचा थांबत नाही, जिना चढताना ज्यांना मध्येच उभे राहावे लागते, ते ‘वय झाले’ अशी मनाची समजूत घालतात. त्यांतील काहींना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा विकार, जडलेला असतो.

हा रोग विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच, ही समजूत निर्व्यसनी कुटुंबांना विशेष महागात पडते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे लक्ष वेधले होते. चुलीचा धूर आणि व्यवसायातील धूळ ही त्याची ठळक कारणे. निदानासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकण्याची चाचणी, करावी लागते.

उपचाराची खरी अडचण औषधाची नसून भीतीची आहे. ‘पंप लागला की सुटत नाही’ असे म्हणत गोळी बरी मानली जाते. हिशेब मात्र उलटा आहे. साल्ब्युटॅमॉलची नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅमची. पंपाच्या दोन फवाऱ्यांत ते अवघे २०० मायक्रोग्रॅम असते. गोळीतील औषध सर्व शरीरात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट श्वासनलिकेत पोहोचतो.

साल्ब्युटॅमॉल तात्पुरता आराम देते. टायोट्रोपियमसारखे दीर्घकाळ टिकणारे औषध बरे वाटत असतानाही रोज घ्यायचे असते. गेलेली फुप्फुसशक्ती त्याने परत येत नाही, परंतु दम उसळून रुग्णालय गाठण्याचे प्रसंग कमी होतात. नेमके हेच औषध चार दिवस बरे वाटताच बंद केले जाते! स्टेरॉइडचा फवारा सर्वांना लागत नाही. लागल्यास प्रत्येक वेळी चूळ भरून टाकावी, अन्यथा तोंडात बुरशी धरते.

चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळची मात्रा आणि चूळ सूर्यास्तापूर्वी कशी बसवता येईल, हे डॉक्टरांना विचारावे. रात्री अचानक दम लागल्यास घ्यायच्या पंपाविषयी गुरुमहाराजांशी आधीच बोलून ठेवावे, आणि तो पंप उशाशीच असावा.