एकसष्टावं मूल

बुलढाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीत घर किंवा प्लॉट बघायला आलेलं कुटुंब काय काय विचारतं? नमुना आठचा उतारा कोणाच्या नावावर आहे, नळाला पाणी किती दिवसांआड येतं, रात्री महामार्गाचा आवाज घरात येतो का, आणि इथली शाळा कशी आहे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आहेत ती आहेत. आपण राहायला आलो म्हणून ती बदलत नाहीत. चौथ्याचं उत्तर मात्र आपल्या येण्याने बदलू शकतं, आणि मला या सगळ्यात नवल वाटतं ते याचंच.

अमेरिकेत या चौथ्या प्रश्नाचं उत्तर घराच्या किमतीतच मिसळलेलं असतं. तिथे बहुतेक ठिकाणी सरकारी शाळेची हद्द नकाशावर आखलेली असते. रेषेच्या आत राहणाऱ्याचं मूल या शाळेत, पलीकडच्याचं दुसऱ्या. न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला घर शोधणारी मराठी कुटुंबंही आधी ती हद्द बघतात, मग स्वयंपाकघर. पण चांगल्या शाळेच्या आसपासची वस्तीही बहुधा चांगलीच असते. मग जास्तीचे पैसे शाळेसाठी मोजले की वस्तीसाठी, हे ओळखायचं कसं? सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ साली याचं फार सुंदर उत्तर काढलं. बॉस्टनभोवतीच्या उपनगरांत त्यांनी फक्त हद्दीच्या रेषेला लागून असलेली घरं घेतली. आळी तीच, दुकानं तीच, शेजारपाजार तोच; फरक काय तो शाळेचा. हिशेब निघाला तो असा: शाळेच्या परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील, तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात. रेषा जमिनीवर कुठे दिसतही नाही, पण खरेदीखतात ती उतरते.

आपल्याकडे अशी रेषा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शेजारच्या गावचं मूलही नाव घालू शकतं. शिवाय अमेरिकेत शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा तिथल्याच घरांवरच्या करातून येतो, म्हणून महाग घरं आणि श्रीमंत शाळा एकमेकांना धरून राहतात. वडनेरच्या घरपट्टीवर गुरुजींचा पगार होत नाही. तो राज्याच्या तिजोरीतून येतो.

रेषा नसली तरी आपल्याकडे वर्तुळ आहे. शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असं राज्याचे नियम सांगतात. हे वर्तुळ डोळ्यांनी बघायचं असेल तर खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचा ऑनलाइन अर्ज भरताना बघावं. पडद्यावर नकाशा उघडतो, त्यावर एक लाल बलून असतो, आणि तो ओढत ओढत नेमका आपल्या घरावर ठेवायचा असतो. त्या क्षणी कुटुंबाचा सगळा पत्ता एका ठिपक्यात येतो आणि त्या ठिपक्यावरून शाळांची अंतरं निघतात. घर भाड्याचं असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. नुसता नोटरी केलेला कागद चालत नाही. ९ फेब्रुवारी २०२४ला राज्याने नियम बदलला, तोही या वर्तुळाच्याच आधाराने: १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खासगी शाळेला या राखीव जागांतून सूट. १९ जुलै २०२४ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. एका किलोमीटरवरून एवढं रामायण घडलं, कारण त्या किलोमीटरवर हजारो मुलांची शाळा ठरणार होती.

पण मूल काही उडत जात नाही. नकाशावर शाळा जवळच असेल, आणि मध्ये मलकापूर–नांदुऱ्याचा महामार्ग आडवा येत असेल, तर सात वर्षांच्या पोराला ते अंतर कितीतरी मोठं होतं. घर बघताना तेवढी वाट त्याचा हात धरून एकदा चालून बघावी.

आता इथली शाळा कशी आहे, या चौथ्या प्रश्नाकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत एक छोटं कोष्टक आहे. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत ३, ९१ ते १२० पर्यंत ४, १२१ ते २०० पर्यंत ५. दोन शिक्षकांवर पाच वर्ग म्हणजे काय, ते वर्गात बसून बघावं. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. डाव्या बाजूला पहिलीची अक्षरं, उजवीकडे दुसरीची वजाबाकी. बाई डावीकडे शिकवत असताना उजवीकडची मुलं गणित सोडवत असतात, आणि गणित अडलं तर बाईंची वाट बघत असतात. कोष्टकाच्या हिशेबाने ६१वं मूल आलं की शाळेला तिसरा शिक्षक लागतो. एका कुटुंबाचा टेम्पो गावात रिकामा होतो आणि ज्यांना ते कुटुंब ओळखतही नाही अशा ६० मुलांचा दिवस बदलू शकतो. उलटंही तितकंच खरं: नांदुऱ्याच्या शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून एक मूल गेलं, तर पट ६० वर येतो. संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदं मंजूर करण्याचे, सरकारी निकष अधूनमधून बदलतात, पण शिक्षकांची पदं पटावर ठरतात हे मूळ तत्त्व कायम आहे, आणि तो पट ३० सप्टेंबरचा धरतात.

चार्ल्स टीबू या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९५६ साली मांडलं होतं की, सोयी बघून कुटुंबं गाव निवडतात. मत ती पायांनी देतात. मला वाटतं, गावातल्या छोट्या शाळेत ही गोष्ट आणखी एक पाऊल पुढे जाते. निवडणारं कुटुंब ज्या सोयीची निवड करतं, तीच सोय त्याच्या येण्याने वाढते.

शाळा गावाला किती बांधलेली असते, ते तिच्या सरकारी क्रमांकातही दिसतं. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, बुलढाण्याला ०४. मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे, आणि शेवटचे दोनच काय ते शाळेचे स्वतःचे. अकरांतले नऊ अंक गावापर्यंत पोचण्यातच जातात.

शाळा अशी गावाशी आणि पटाशी बांधलेली असते, म्हणून घर बघायला वडनेरला रविवारी येऊ नये. शाळा भरते त्या दिवशी, परिपाठाच्या वेळी यावं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, हे ध्यानात ठेवावं. मुख्याध्यापकांना विचारावं: या वर्षी पहिलीला दाखलपात्र मुलं किती होती, त्यांतली इथे किती आली, शिक्षकांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक केव्हा असते, हेही विचारावं. कायद्याने त्या समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या असतात आणि एकूण निम्म्या महिलांच्या. मुलाचं नाव पटावर चढलं की गावात नव्याने आलेल्या आईलाही त्या समितीवर जाता येतं.