समर टायर आणि आपला पावसाळा

हौसेने घेतलेली गाडी असते. टर्बो इंजिन, जरा कडक सस्पेन्शन, घाटात वळणावर टाकली की मन प्रसन्न. कंपनीने दिलेले पहिले टायर झिजतात आणि मालक टायरच्या दुकानात उभा राहतो. दुकानदार एक भारी टायर पुढे करतो, हा हाय-परफॉर्मन्स समर टायर म्हणून सांगतो. गिऱ्हाईक लगेच विचारतं, "समर? मग पावसाळ्यात काय करायचं?"

प्रश्न रास्त आहे, कारण नावच फसवं आहे. ते आलं युरोपातून. तिथे हिवाळा आला की टायर बदलावे लागतात. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत आणि ऑक्टोबर २०२४पासून ज्यावर डोंगर व हिमकणाची खूण आहे तोच टायर तिथे हिवाळी म्हणून धरला जातो. उरलेल्या महिन्यांचा तो समर टायर. म्हणजे या 'समर'चं वैर बर्फाशी आणि गारठ्याशी आहे, पावसाशी नाही. साधारण ७ अंशांच्या खाली त्याचं रबर कडक होऊ लागतं आणि पकड कमी होते. आपल्याकडे गाडी चालवताना अशी थंडी क्वचितच भेटते. उलट ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर चांगला समर टायर ऑल-सीझन टायरपेक्षा सहसा लवकर थांबतो.

याचं कारण रबराच्या स्वभावात आहे. डांबरातल्या खडीच्या टोकांवर रबर दबतं आणि पूर्ववत व्हायला क्षणभर वेळ घेतं. त्या दबण्यातून एक पकड मिळते. दुसरी पकड रबर पृष्ठभागाला चिकटल्यामुळे मिळते. पाण्याचा पातळ थर आला की चिकटणं जवळपास संपतं, दबण्यातली पकड मात्र शिल्लक राहते. मिशेलिनने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका घातलेला टायर आणला. सिलिकामुळे ओल्या रस्त्यावरची पकड टिकवूनही टायर हलका फिरू लागला. आजच्या पायलट स्पोर्ट, ईगल एफ१, स्पोर्टकॉन्टॅक्ट, पोटेंझा स्पोर्ट या साऱ्या टायरांची खरी चुरस या रबराच्या मिश्रणात आहे.

म्हणूनच नखाने दाबून "हा मऊ आहे, चांगला धरेल" असं ठरवता येत नाही. नखाला जाणवतो तो दुकानातल्या थंड रबराचा कडकपणा. रस्त्यावर ते तापलेलं असतं आणि खडीच्या टोकांवर सेकंदाला हजारो वेळा दबत असतं. ते वागणं वेगळंच.

टायरच्या बाजूला 'ट्रेडवेअर ३००' असा आकडा असतो, त्यावरही लोक फार विसंबतात. हा आकडा अमेरिकी पद्धतीचा. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या ठरावीक रस्त्यांवर सुमारे ११,६०० किलोमीटर टायर चालवतात, त्याची झीज एका प्रमाण टायरशी ताडून पाहतात आणि त्यावरून टायर किती टिकेल याचा अंदाज बांधतात. प्रमाण टायरला १०० गुण. पण शेवटचा आकडा कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना त्यावरून करता येते, दोन कंपन्यांची करणं धोक्याचं. त्याच्या शेजारचं 'ट्रॅक्शन एए' हे अक्षरही ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावण्याचं आहे. वळणाबद्दल ते काहीच सांगत नाही. गती दाखवणारं अक्षर तर पकडीशी जोडूच नये. व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३०० किलोमीटरपर्यंतचा वेग टायर सोसतो, इतकाच त्याचा अर्थ.

सगळ्यात स्पोर्टी टायर सगळीकडे सगळ्यात चांगला, हाही समज पक्का असतो. मिशेलिनच्याच दोन टायरांची उदाहरणं घ्या. पायलट स्पोर्ट ४ एस रस्त्यासाठी आहे, त्याचा ट्रेडवेअर ३००. पायलट स्पोर्ट कप २ ट्रॅककडे झुकलेला, त्याचा १८०. कोरड्या ट्रॅकवर कप २ भाव खाऊन जाईल. पण त्याच्या खाचा कमी आहेत, त्यामुळे साचलेल्या पाण्यात तो लवकर तरंगतो, आणि रस्त्यावर झिजतोही भराभर. ज्या गाडीला जुलैत ताम्हिणी किंवा आंबोली चढायची आहे, तिला हा टायर घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रुंदीकडे येऊ, कारण सर्वाधिक पैसे इथे वाया जातात. "रुंद टायर घातला की जास्त रबर रस्त्याला लागतं." हिशेब करून पाहा. बाराशे किलोची गाडी, एका चाकावर साधारण ३०० किलो. तेहतीस पीएसआय हवा भरली म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो दाब. ढोबळ भागाकार केला तर रस्त्याला टेकलेली जागा सुमारे १३० चौरस सेंटिमीटर निघते, एका तळहाताएवढी. २०५ऐवजी २२५चा टायर घातला आणि हवा तेवढीच ठेवली, तर ही जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो. ती आडवी पसरते आणि लांबीला आखूड होते. कोरड्या वळणावर त्याचा फायदा जाणवतो, हे खरं. पण साचलेल्या पाण्यात त्या रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं.

शिवाय खड्ड्यांचं काय? २०५/५५ आर १६ टायरची साइडवॉल सुमारे ११३ मिलिमीटर असते. २२५/४५ आर १७ घातला तर १०१, आणि २२५/४० आर १८ घातला तर ९०. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, म्हणून स्पीडोमीटर फसत नाही, पण खड्ड्याचा धक्का झेलणारं रबर पाचव्या हिश्शाने कमी झालेलं असतं. साइडवॉलला आलेला फुगा दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. आपल्या रस्त्यांवर मी तरी एक इंचाच्या वर रिम वाढवण्याचा सल्ला देणार नाही.

"पावसात हवा थोडी कमी ठेव, पकड वाढते." हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि नेमका तोच घात करतो. १९६०च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून दाखवलं की टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पाणी खाचांपेक्षा खोल असेल किंवा टायर गुळगुळीत झाला असेल, तर त्यांच्या सूत्राप्रमाणे ३३ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो. २५ पीएसआयला तोच ८३वर उतरतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवरचा रोजचा वेग आठवा, म्हणजे हे आकडे किती जवळचे आहेत ते कळेल. टायर तरंगला की स्टिअरिंग हलकं पडतं, ब्रेक दाबून उपयोग नसतो आणि रबर कितीही महागाचं असो, ते रस्त्याला टेकलेलंच नसतं. तेव्हा हवा गाडीच्या दारावर लिहिलेली असेल तितकीच ठेवा, आणि टायर थंड असताना मोजा. नायट्रोजन भरून घेतला म्हणून मोजणं सुटत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

मासिकांतल्या तुलनात्मक चाचण्या जरूर वाचाव्यात, पण त्यांचा पहिला क्रमांक तुमचाही पहिला असेलच असं नाही. निकाल चाचणीतल्या मापापुरता असतो. दुसऱ्या मापात त्याच नावाचा टायर वेगळा वागू शकतो. साइडवॉलवर तारा असेल तर तो बीएमडब्ल्यूसाठी बनवलेला, एमओ असेल तर मर्सिडीजसाठी. नाव सारखं असलं तरी आतली बांधणी किंवा रबर वेगळं असू शकतं. चाचणीत मी आधी ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग पाहतो, मग पाण्यावर तरंगण्याचा वेग, आणि कोरड्या ट्रॅकवरची लॅप त्यानंतर.

चारऐवजी दोनच टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावा, पुढचं चाक गाडी ओढत असलं तरीही. दुकानात बहुतेक वेळा उलट सांगतात. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी करून ती सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि घाटात सावरायला जागा नसते.

टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे स्वतः वाचा. ३२२४ म्हणजे २०२४च्या ३२व्या आठवड्यात बनलेला. आणि मृग लागण्याआधी एकदा खाली वाकून चारही टायरांच्या खाचा मोजा. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण त्या खोलीला टायर पाणी बाहेर काढण्याचं बरंचसं काम सोडून देतो. खाच तीन मिलिमीटरच्या खाली दिसली, तर पावसाची वाट पाहू नका, टायर बदला.