सात दिवस आणि एक निनावी मुलगी

खुनाचा छडा लावणारी गोष्ट म्हणजे नुसता टाइमपास, असं आपण म्हणतो. आज अशीच एक गोष्ट सांगते. खुनी कोण, ते मात्र सांगणार नाही हं!

उंबेर्तो एको या इटालियन लेखकाची ही कादंबरी, 'गुलाबाचं नाव'. आली १९८० साली, पण गोष्ट घडते १३२७ मध्ये. तेव्हा आपल्याकडे संत नामदेव हयात होते. इटलीतल्या डोंगरावरच्या एका मठात सात दिवसांत एकामागून एक माणसं मरतात. काहींची बोटं आणि जीभ काळी पडलेली. विल्यम नावाचा साधू तपास करतो, सोबत त्याचा तरुण शिष्य ॲड्सो.

हा काळच का निवडला? त्याच्या शंभर वर्षं आधी संत फ्रान्सिस यांनी सगळं सोडून गरिबीत राहायची शिकवण दिली होती. लोक भारावून त्यांच्या मागे गेले. पुढे त्यांचे अनुयायी म्हणू लागले, येशूच्या मालकीचं काहीच नव्हतं. मग चर्चच्या जमिनी आणि खजिन्याचं काय? १३२३ मध्ये पोपनं हे म्हणणंच पाखंड ठरवलं. पाखंडी ठरलेल्याला जिवंत जाळत. म्हणून मठात सगळे जपून बोलतात, आणि तिथंच रहस्य दाटतं. विल्यम पुरावा शोधतो. धर्मन्यायाधीश बर्नार्ड गुई (हा इतिहासात खरोखर होऊन गेला) येतो तो उत्तर आधीच ठरवून.

आता त्या मुलीबद्दल. ती खालच्या गावातली. घरात उपासमार, म्हणून रात्री मठाच्या स्वयंपाकघरात येते. मांसाच्या तुकड्यासाठी तिला शरीर द्यावं लागतं. एका रात्री ती पकडली जाते. जवळ काळं मांजर आणि काळा कोंबडा सापडतो. झालं, चेटकीण! भुकेल्या पोरीला कोंबडा कशाला हवा असेल, हे न्यायाधीश विचारत नाही. ती ओरडून काही सांगते, पण तिची गावाकडची बोली कुणाला कळत नाही. एवढा हुशार विल्यम, पण तोही तिला वाचवू शकत नाही. चेटकीण म्हणून बाईला छळणं आपल्याकडेही घडत आलंय. महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा झाला तो २०१३ मध्ये.

ॲड्सो म्हातारपणी ही गोष्ट लिहितो, तेव्हाही त्याला तिचं नाव ठाऊक नसतं. १९८६ च्या चित्रपटात गावकरी उठतात आणि ती वाचते. बघायला बरं वाटतं, पण मला पुस्तकातलंच खरं वाटलं.