खोडलेले शब्द

तोंड एकच, केंद्रे दोन. १९७०च्या दशकात ॲलन बेल या न्यूझीलंडच्या भाषाभ्यासकाने वेलिंग्टनच्या रेडिओवर हे टिपले. इमारत एक, बातम्या वाचणारे तेच; पण एका केंद्राचा श्रोता उच्चभ्रू, दुसऱ्याचा सर्वसामान्य. 'बेटर', 'रायटर'सारख्या शब्दांतला 'ट' पहिल्यावर स्वच्छ उमटे, दुसऱ्यावर बरेचदा 'ड'कडे झुके. बोलणारा आपली शैली मुख्यतः ऐकणाऱ्याकडे पाहून बेततो, असे बेलने १९८४च्या निबंधात मांडले. मला त्यापुढचे म्हणायचे आहे: बातमीची भाषा कोणा एकाची नसतेच. आपल्याकडची नेहमीची ओळ घ्या, 'गुन्हा दाखल करण्यात आला असून पुढील तपास सुरू आहे.' तिचा जन्म पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये; बातमीदार ती उचलतो, उपसंपादक राहू देतो. 'करण्यात आला'मध्ये कर्ता गडप. आणि 'असून' तर अजब चीज! दोन गोष्टी शेजारी बसवते, पण त्यांचे नाते काय, याचा पत्ता लागू देत नाही.

हा निव्वळ आळस, असे कोणी म्हणेल. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. पान सोडायची वेळ झालेली असताना साचा हा उपसंपादकाचा आधार असतो. 'आरोपी'च्या जागी 'गुन्हेगार' पडला, तर अब्रुनुकसानीची नोटीस येऊ शकते. पण हाच सावध माणूस कॉलमात मजकूर बसेना की कात्री चालवतो, आणि 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्द सहज बळी पडतात, कारण ते गेले तरी वाक्य लंगडत नाही. पोलिसांचा दावा वृत्तपत्राचे विधान होऊन बसतो. छापील पान समोर असताना डेस्कवर डोकवायचे कशाला, हा आक्षेप इथेच गळतो: गेलेल्या त्या दोन शब्दांची खूण छापील पानावर नसते. प्रेसनोट, बातमीदाराची कॉपी आणि छापील बातमी शेजारी ठेवल्याशिवाय तो बदल दिसत नाही. स्वतः पत्रकारिता केलेल्या बेलने वृत्तसंस्थांची मूळ कॉपी आणि संपादित बातमी अशीच ताडून पाहिली. आपल्याकडे पूर्वी शाईने खोडलेले कागद निदान रद्दीच्या टोपलीत तरी सापडत. आता तेच दोन शब्द पडद्यावरून एका कळीसरशी जातात.