शेवटच्या चौकटीच्या आधी

वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीचा विनोद शेवटच्या चौकटीत असतो, असं आपण धरून चालतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. त्याच्या पट्ट्या ओळीने वाचल्या, तर हा समज टिकत नाही. शेवटचं वाक्य तेवढं कुणाला ऐकवा, बहुतेकदा तो नुसता बघत राहील. हसू येतं ते चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या यांची ओळख आधीच झालेली असते म्हणून. चिंटू अभ्यास टाळायला सबब काढणार, हे पहिल्याच चौकटीत वाचकाला कळतं आणि त्या जोरावर एखादं वाक्य गाळता येतं. गाळावंच लागतं, जागा बोटभर, त्यात देवनागरी अक्षर वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार घेऊन येणार. फुग्यात मजकूर वाढला की चेहरे दबतात. मग आईचा राग भुवईच्या एका रेघेवर सोपवायचा. कल्पना सुचणं हा या कामाचा अर्धा भागही नसावा.

यावर आक्षेप असा की, हे रोज तेच ते आहे. आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’ला निदान दररोज ताजी बातमी मिळायची, इथे मुलगा मोठासुद्धा होत नाही. पण बातमीवरचं व्यंगचित्र बातमीबरोबर शिळं होतं, पुढे त्याला तळटीप लागते. चार्ल्स शुल्झ यांनी ‘पीनट्स’ १९५० ते २००० अशी जवळपास पन्नास वर्षं एकहाती काढली, ती त्याच मूठभर पोरांवर. अर्थात, ओळखीच्या शाळकरी विनोदाला नुसती चौकट मारलेली पट्टीही अधूनमधून येतेच. ती पडते, कारण तिथे चिंटूऐवजी कुठलाही बंड्या चालला असता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे घर मध्यमवर्गीय पुण्याचं. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या सिन्नरला, विड्या वळणाऱ्या किंवा माळेगावच्या एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या घरातल्या पोराला त्यात काय सापडणार? बरंच सापडतं, गृहपाठ, फुटलेली काच, शेजारच्या काकूंचा दरारा यांना गाव लागत नाही. पण सगळं नाही. जिथे बाप रात्रपाळी करून दुपारी झोपलेला असतो, तिथे अंगणातल्या चेंडूचा आवाज हा वेगळाच विनोद आहे, आणि तो काढायला त्या घरातली दुपार माहीत असलेला माणूस लागेल.