त्रिपक्षी : ओळख एका लोळणाऱ्या वनस्पतीची

दिवाळीनंतर आपल्या मैदानाच्या खोलगट कोपऱ्यातले पावसाचे पाणी आटते आणि तडकलेल्या काळ्या मातीवर एक राखट हिरवी वनस्पती चटईसारखी पसरते. ‘सर, हे कोणते गवत?’ असे सातवीच्या मुलांनी विचारले होते. हे गवत नाही, ही त्रिपक्षी. शास्त्रीय नाव कोल्डेनिया प्रोकम्बेन्स. प्रोकम्बेन्स म्हणजे जमिनीवर लोळणारी.

लोणच्याचे भोकर सर्वांना ठाऊक आहे. त्रिपक्षी त्याच कुळातली. हिंदीत जिला हाथीसुंडी म्हणतात ती भुरुंडीही याच कुळातली, पण भुरुंडीच्या फुलाला पाकळ्यांचे भाग पाच, त्रिपक्षीच्या इवल्याशा पांढुरक्या फुलाला चार. फळाचेही पिकल्यावर चार तुकडे होतात. पानाची कड चुण्या घातल्यासारखी, अंगावर पांढरी लव, आणि देठाजवळ पानाच्या दोन बाजू सारख्या नसतात. ही शेवटची खूण ध्यानात ठेवा.

ही वर्षायू आहे. पाणी साचलेले असते तेव्हा हिचे बी चिखलात पडून राहते आणि पाणी ओसरले की रुजते. तळ्याचा सुकलेला तळ, भात कापलेली शेते, अशाच जागी ती सापडते. म्हणजे आधी पाणी साचणे हिला आवश्यक आहे.

नावाची गंमत अशी की, १७५३ साली लिनिअसने आपल्याकडच्या या वनस्पतीला न्यूयॉर्कच्या कॅडवॉलडर कोल्डन यांचे नाव दिले. त्यांची मुलगी जेन हिने तिकडच्या तीनशेहून अधिक वनस्पतींची वर्णने लिहिली. मुलींनी हे जरूर वाचावे.

गळवावर हिच्या पानांचा लेप लावण्याची जुनी पद्धत आहे. मात्र या कुळातील काही वनस्पतींत यकृताला अपायकारक द्रव्ये असतात, तेव्हा कोणीही पान तोंडात घालू नये.

आता विश्वस्त मंडळींना विनंती. मुरूम टाकून मैदान सपाट करण्याचा विषय पुढील बैठकीत आहे. मुलांना खेळायला मैदान हवेच, माझा विरोध नाही. पण तो कोपरा भरला तर पाणी साचणार नाही, आणि त्रिपक्षीही उगवणार नाही. धावपट्टी त्या कोपऱ्याच्या अलीकडूनही वळवता येते. मी पावलांनी मोजून पाहिले आहे.

येत्या शनिवारी तास संपल्यावर आठवीच्या विद्यार्थ्यांनी भिंग घेऊन तिथे यावे. पालकही येऊ शकतात. उपटू मात्र नये.